पाळणाघरातल्या ताटाचे पैसे घ्यावेत का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीतल्या एक ताई तीन वर्षांपासून राहत्या घरी पाळणाघर चालवतात. रीतसर नोंदणी आहे. दोन ते चार वयाची पाच मुलं येतात, बहुतेक मराठी, गुजराती आणि तेलुगू घरांतली. ताईंची स्वतःची चार वर्षांची मुलगीही त्यांच्यातच असते. नाश्ता, दुपारचं जेवण आणि चार वाजताचं खाणं ताई स्वतः करतात आणि त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. किराणा आता परवडेनासा झाला आहे. जवळच पाळणाघर चालवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी त्यांना 'फूड प्रोग्रॅम'बद्दल सांगितलं: मुलांना जे खायला घालता त्याचे काही पैसे सरकारकडून परत मिळतात. घरात मात्र एकमत नाही. सासूबाई म्हणतात, आपल्याला देवाने दिलंय, गरिबाच्या ताटातलं कशाला घ्यायचं? यजमान म्हणतात, ते पैसे उत्पन्नात धरावे लागतात, वर तपासणीला माणसं घरात येतात. ताईंना स्वतःला वाटतं की आपलं वरण-भात-भाकरीचं स्वयंपाकघर त्यांच्या नियमांत बसणार नाही. शेवटी त्या लिहितात, "माझी आई सातारा जिल्ह्यात अंगणवाडी सेविका होती. तिने कधी मुलांच्या घासाचे पैसे मोजले नाहीत. मी मोजू का?"

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा शेवटच्या वाक्यावर थांबले. तुम्ही दर महिन्याला फी मोजता. उशिरा न्यायला येणाऱ्या पालकांचा जादा वेळ मोजता. विम्याचा हप्ता, खेळणी, डायपर, सगळ्याची वही आहे असं तुम्हीच लिहिलंय. मुलांसाठी महिन्याला किती किराणा लागतो, तिथे मात्र 'अंदाजे' एवढंच लिहिलंत. आपण बायका बाकी सगळा हिशेब चोख ठेवतो आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वही खाली ठेवतो. घास मोजला की माया उणी होईल, असं आपल्याला शिकवलेलं असतं. पण गेली तीन वर्षं तुम्ही पाच मुलांचं खाणं तुमच्या स्वतःच्या कमाईतून घालताय, आणि ही रक्कम लहान नाही.

आईंचं म्हणाल तर अंगणवाडीत घासाचे पैसे कुणीतरी मोजत होतंच. 1975 साली एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हापासून अंगणवाडीतल्या पोषण आहाराचा खर्च सरकार करतं, आणि किती मुलं आली, काय वाटलं, याची नोंद सेविका ठेवते. तुमच्या आई ती वही भरत होत्या म्हणूनच दुसऱ्या महिन्यात धान्य येत होतं. त्यांच्या खिचडीला गावात कुणी भीक म्हटलं होतं का?

आता सासूबाईंचं म्हणणं. ते चांगल्या मनातून आलंय, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. या कार्यक्रमाचं पूर्ण नाव 'चाइल्ड अँड अडल्ट केअर फूड प्रोग्रॅम'. 1968 साली तो छोट्या प्रयोगाच्या रूपात सुरू झाला. पैसा अमेरिकेच्या केंद्रीय कृषी खात्याचा असतो आणि न्यू जर्सीत राज्याचं कृषी खातं तो चालवतं. यात ठरावीक रकमेचं गाठोडं सगळ्यांत वाटून घ्यायचं नसतं. नियमात बसणारी जेवणं जितकी वाढली जातात, तितक्यांचे पैसे मिळतात. तुम्ही अर्ज केलात म्हणून पॅटरसन किंवा कॅम्डेनसारख्या गरीब शहरातल्या एखाद्या मुलाच्या वाटीतला घास कमी होत नाही. आणि हे पैसे तुम्ही गरजू आहात म्हणून मिळत नाहीत. तुम्ही लहान मुलांना दूध, फळ, भाजी, डाळ आणि धान्य एका ताटात वाढता, म्हणून मिळतात. हे सासूबाईंना शांतपणे सांगून बघा. त्यांना 'सरकारी मदत' या शब्दांचा त्रास होतोय असं मला वाटतं. तेच 'मुलांच्या आहाराची परतफेड' म्हटलं की गोष्ट जशी आहे तशी समोर येते.

पैसे किती, याचा अंदाज घेऊ. घरगुती पाळणाघरांसाठी दोन दर आहेत, टिअर वन आणि टिअर टू. 1996च्या कायद्याने हा फरक आणला. उदाहरणासाठी जुलै 2024 ते जून 2025 या वर्षाचे दर घेते. टिअर वनमध्ये नाश्त्याला 1.66 डॉलर, दुपारच्या किंवा रात्रीच्या जेवणाला 3.15 आणि मधल्या खाण्याला 0.93. टिअर टूमध्ये हेच 0.60, 1.90 आणि 0.26. दर 1 जुलैला आकडे बदलतात. एका मुलामागे दिवसाला जास्तीत जास्त दोन मोठी जेवणं आणि एक मधलं खाणं, किंवा एक मोठं जेवण आणि दोन मधली खाणी मोजता येतात. नाश्ता मोठ्या जेवणात धरतात.

तुमची पाच मुलं महिन्यातले वीस दिवस तिन्ही वेळा खातात असं धरलं, तर टिअर टूने महिन्याला 276 डॉलर होतात आणि टिअर वनने 574. मुलं आजारी पडतात, सुट्टीला भारतात जातात, तेव्हा प्रत्यक्षात यापेक्षा थोडे कमीच मिळतील. तुमची मुलगी या हिशेबात धरलेली नाही. स्वतःच्या मुलांचं खाणं मोजायचं तर कुटुंबाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असावं लागतं, आणि यजमानांच्या पगाराबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यावरून तुम्ही त्यात बसणार नाही. तिने ताट बाकीच्यांसोबतच घ्यावं, फक्त तिच्या नावापुढे खूण करू नका.

"आमचं उत्पन्न बरं आहे, म्हणजे आम्हाला खालचाच दर मिळणार," हे तुम्ही गृहीत धरलंय. तसंच होईल असं नाही. टिअर वन दोन वाटांनी मिळतो. एक वाट घरच्या उत्पन्नाची, ती तुमच्यासाठी बंद. दुसरी वाट तुमच्या पत्त्याची. तुमच्या भागातल्या सरकारी शाळेत निम्मी किंवा त्याहून जास्त मुलं मोफत वा सवलतीच्या जेवणाला पात्र असतील, किंवा जनगणनेच्या आकड्यांवरून तुमचा भाग कमी उत्पन्नाचा ठरत असेल, तर तुमचा पगार कितीही असो, टिअर वन मिळतो आणि पत्त्यावरून मिळालेला हा दर्जा पाच वर्षं टिकतो. मध्य न्यू जर्सीत एकाच गावात एका शाळेचा भाग एका प्रकारचा आणि रस्त्यापलीकडचा दुसऱ्या प्रकारचा असतो. म्हणून कार्यक्रमाच्या संस्थेला (ती कोण, ते पुढे सांगते) पहिला फोन कराल तेव्हाच पत्ता देऊन हे विचारून घ्या.

पत्त्यावरून टिअर टू ठरला, तरीही एक दार उघडं राहतं. तुमच्याकडे येणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरचं उत्पन्न मर्यादेत बसतं, त्या मुलांपुरता वरचा दर मिळू शकतो. त्यासाठी पालकांनी उत्पन्नाचा अर्ज भरायचा असतो आणि तो ते तुम्हाला न दाखवता थेट संस्थेला देऊ शकतात. कुणाची नोकरी नुकतीच गेलेली असते, कुणी एकट्या पगारावर दोन मुलं वाढवत असतं. त्यांच्या घरातलं आपल्याला कळायचं कारण नाही आणि ते कळत नाही, ही व्यवस्था मला फार बरी वाटते.

संस्था म्हणजे कोण, तेही सांगते. घरगुती पाळणाघराला या कार्यक्रमात थेट जाता येत नाही. राज्याने मान्य केलेल्या एखाद्या स्पॉन्सर संस्थेमार्फतच जावं लागतं. ती तुम्हाला शिकवते, कागद तपासते, दर महिन्याला तुमची मागणी राज्याकडे पाठवते, आणि राज्याकडून पैसे आले की कामाच्या पाच दिवसांत तुम्हाला द्यायला ती बांधील असते. तिच्या कामाचे पैसे तिला वेगळे मिळतात. तुमच्या जेवणाच्या रकमेतून ती काहीही कापून घेऊ शकत नाही. कुणी 'सेवाशुल्क' मागितलं तर तिथून उठा आणि दुसरी संस्था शोधा. तुमची नोंदणी ज्या काउंटी पातळीवरच्या संस्थेने केली, तिथेच आधी विचारा. स्पॉन्सर कोण, हे त्यांना ठाऊक असतं.

आता स्वयंपाकघर. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मनातली खरी भीती इथे आहे असं वाटलं. मांस वाढावंच लागेल हे तुम्ही ऐकलंय, ते खरं नाही. दुपारच्या जेवणात पाच गोष्टी लागतात: दूध, भाजी, फळ, धान्य आणि मांस किंवा त्याला पर्याय. डाळी, राजमा, छोले, अंडं, चीज, टोफू, शेंगदाण्याचं बटर, दही हे सगळे पर्याय चालतात, आणि शाकाहारासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दीड आउन्स मांसाइतका पर्याय लागतो आणि पाव कप शिजलेली डाळ एक आउन्स धरतात. म्हणजे त्या मुलाच्या वाटीत साधारण पाव कपाच्या दीडपट डाळ हवी. एक-दोन वर्षांच्या मुलाला पाव कप पुरते. लक्षात ठेवायचं ते एवढंच की शिजलेली डाळ मोजतात, वरणातलं पाणी मोजत नाहीत. आपलं भातावर ओघळणारं पातळ वरण इथे कमी पडतं, थोडं घट्ट करावं लागेल. आणि एकाच वाटीतली डाळ एकदा भाजी आणि एकदा मांसाला पर्याय अशी दोनदा लिहिता येत नाही. भाजी वेगळीच वाढायची.

भाकरीबद्दल तुम्ही फार काळजीने लिहिलंय, म्हणून हे वाचून तुम्हाला आनंद होईल: ज्वारी, बाजरी, राजगिरा ही अख्खी धान्यंच मानली जातात आणि दिवसातून एकदा तरी अख्ख्या धान्याचा पदार्थ असावा असा नियमच आहे. आपली भाकरी तो नियम सहज पाळते. पोळीही चालते, फक्त पिठाच्या पिशवीवर अख्खा गहू लिहिलेला बघून घ्या, मैदा मिसळलेलं पीठ नको. अडचण येते ती आपल्याला साध्या वाटणाऱ्या तांदळात. धान्य एक तर अख्खं हवं, नाही तर वरून जीवनसत्त्वं आणि लोह घातलेलं. भारतातून येणारा पांढरा बासमती सहसा तसा नसतो. भारतीय दुकानातला रवा आणि पोहे यांचंही तेच. म्हणून भातासाठी ब्राऊन राइस घ्या किंवा पिशवीवर 'एन्रिच्ड' लिहिलेला तांदूळ घ्या. उपम्याला दलिया वापरला तर मुलांना फरक कळत नाही आणि तुमची नोंद पक्की होते. साबुदाणा धान्यात धरत नाहीत, त्यामुळे उपासाच्या दिवशी मुलांचं ताट वेगळंच करा.

घरी विरजलेलं दही मोजलं जात नाही, हे ऐकून सासूबाई नाराज होतील. अन्नसुरक्षेच्या कारणाने फक्त बाजारचं दही धरतात. घरचं ताकही दुधाच्या जागी लिहू नका. पण 'मोजलं जात नाही' म्हणजे 'वाढायचं नाही' असं नाही. पाच गोष्टी ताटात पूर्ण असल्या की त्यांच्या हातचं दही, तूप, लिंबाची फोड, जे हवं ते वर वाढा. तळणीचं मात्र तसं नाही. पाळणाघरातच भर तेलात तळलेले पदार्थ या जेवणात चालत नाहीत. कुणाच्या वाढदिवसाला पुऱ्या करायच्या असतील तर खुशाल करा, त्या दिवशीचं ते जेवण फक्त मागणीत लिहू नका.

दुधाबद्दल थोडंसं. नाश्त्याला आणि जेवणाला दूध ठेवावंच लागतं. कुठल्या वयाला किती साईचं, हे ठरलेलं आहे, ते संस्था सांगेल. एखाद्या मुलाला दूध सोसत नसेल तर पालकांच्या लेखी विनंतीवरून ठरावीक पोषणमूल्यांचं सोया दूध देता येतं. मुलाने दूध संपवलंच पाहिजे असं नाही. जेवण वाढलं की मोजलं जातं, त्यातलं किती खाल्लं यावर पैसे ठरत नाहीत. तेव्हा नियमासाठी कुठल्याही पोराच्या तोंडात घास कोंबायची वेळ तुमच्यावर येणार नाही.

यजमानांच्या पहिल्या शंकेवर येते. ते बरोबर बोलतात, पण अर्धंच. मिळालेले पैसे व्यवसायाच्या उत्पन्नात धरावे लागतात हे खरं. पण मुलांच्या जेवणाचा खर्च त्याच उत्पन्नातून वजा होतो. आयकर खातं घरगुती पाळणाघरांना पावत्या न जमवता ठरावीक दराने ही वजावट घेऊ देतं, आणि तो दर 1 जानेवारीला चालू असलेल्या टिअर वनच्या दराइतका असतो, तुम्ही कुठल्याही टिअरमध्ये असा. 2025 वर्षासाठी एका मुलाचा नाश्ता, जेवण आणि एक मधलं खाणं मिळून दिवसाला 5.74 डॉलर वजा होतात. वरच्या उदाहरणातल्या टिअर टूच्या दराने तुम्हाला मिळतात 2.76. मिळालेले पैसे उत्पन्नात दाखवूनसुद्धा वजावटच मोठी राहते. संध्याकाळी उशिरा थांबणाऱ्या मुलांना तुम्ही बिस्किटाऐवजी केळं आणि दूध देता, त्याचे पैसे कार्यक्रमातून मिळणार नाहीत, पण वजावटीत दिवसाला तीनपर्यंत मधली खाणी धरता येतात. तुमच्या मुलीचं खाणं मात्र वजावटीतही येत नाही.

कार्यक्रमात गेलात किंवा नाही गेलात, ही वजावट तुमची आहेच. तीन वर्षांच्या विवरणपत्रांत ती घेतली होती का, हे यजमानांना आजच बघायला सांगा. मुलांच्या हजेरीच्या आणि खाण्याच्या जुन्या नोंदी शाबूत असतील, तर पाळणाघरांची कामं करणाऱ्या करसल्लागाराला त्या दाखवा.

त्यांची दुसरी शंका तपासणीची. वर्षातून किमान तीन भेटी होतात, त्यातल्या किमान दोन न कळवता. नव्या घरात पहिली भेट पहिल्या चार आठवड्यांतच होते. येणारी व्यक्ती जेवणाची वेळ बघते, त्या दिवशीची हजेरी आणि ताटं जुळतात का बघते, तुमच्या नोंदी चाळते. दाराशी चपला काढायला सांगितल्या तर कुणी वाईट वाटून घेत नाही. पाच घरांची मुलं तुमच्या भरवशावर घरात असतात ताई, आणि वर्षातून तीनदा एखादी जाणकार व्यक्ती येऊन ताट बघून गेली, तर एक आई म्हणून मला ते हवंसंच वाटेल.

मला तुमच्याबद्दल काळजी आहे ती वहीची. रोज कुणी काय खाल्लं याची नोंद त्याच दिवशी करावी लागते. रविवारी बसून आठवडा आठवायचा, हे इथे चालत नाही. रोजचा मेन्यू, प्रत्येक मुलाच्या नावापुढे प्रत्येक खाणं, हजेरी, आणि दरवर्षी पालकांच्या सहीचा नावनोंदणीचा अर्ज. हे सगळे कागद तीन वर्षं जपायचे. किडकेअरसारखं सॉफ्टवेअर बऱ्याच संस्था वापरतात, त्यात फोनवरून पाच मिनिटांत काम होतं, पण ती पाच मिनिटं रोज काढावी लागतात. न आलेल्या मुलाच्या नावापुढे चुकूनही खूण होता कामा नये. अशा नोंदी सापडल्या तर पैसे परत करावे लागतात, आणि गंभीर चुका न सुधारल्यास बाद झालेल्यांच्या राष्ट्रीय यादीत नाव जातं. तुम्ही लिहिलंय की दुपारी मुलं झोपली की तुम्हालाही डोळा लागतो. डोळा लागण्याआधी नोंद करायची, एवढी एक सवय लावता येईल का, हे स्वतःला विचारा. उत्तर 'नाही' असेल तर अर्ज करू नका, नुसती कराची वजावट नीट घ्या. त्यात कमीपणा नाही.

पालकांना कसं सांगायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वेळ येईल. त्यांच्या सह्या लागणार असल्याने हे गुपित राहणार नाही. कुणीतरी म्हणेल, "आता सरकार पैसे देतंय तर फी कमी करा." त्यांना सांगा की फी तुमच्या वेळेची आणि जबाबदारीची आहे, जेवणाचा खर्च तुम्ही इतके दिवस पदरचा घालत होतात. एच-वनवरच्या एखाद्या पालकाला कागदाची धास्ती वाटेल. नावनोंदणीच्या अर्जात मुलाचे येण्याचे दिवस, वेळ आणि खाणी विचारतात, व्हिसा विचारत नाहीत. हे आधी बोलून घ्या. तुमच्या स्वतःच्या ग्रीन कार्डाचा अर्ज मार्गी असेल आणि मनात किंतु असेल, तर वकिलाला एकदा विचारा म्हणजे झोप लागेल.

असंच पाळणाघर चालवणाऱ्या इतर मैत्रिणींसाठी एक महत्त्वाची गोष्ट: नोंदणी, परवाना किंवा राज्याची मान्यता नसेल तर या कार्यक्रमात जाता येत नाही. न्यू जर्सीत पाच मुलांपर्यंत घरगुती पाळणाघराची नोंदणी ऐच्छिक आहे, त्यामुळे अनेक जणी ओळखीवरच मुलं सांभाळतात. त्यांनी आधी नोंदणीचा विचार करावा. इतर राज्यांत नियम वेगळे आणि पुष्कळदा जास्त कडक आहेत.

ताई, माझं मत विचाराल तर तुम्ही अर्ज करावा. पण लगेच नको. येत्या सोमवारपासून दोन आठवडे साध्या वहीत रोज लिहा: कोण आलं, काय वाढलं, किती वाजता. मेन्यू बदलू नका, आहे तेच लिहा. दोन आठवड्यांनी किती दिवस कोरे राहिले ते बघा, आणि कुठल्या जेवणात फळ किंवा दूध राहून गेलं तेही बघा. ती वही समोर ठेवून संस्थेला फोन करा. वही कशी आखायची ते आईंना विचारा. सकाळी रकाने पाडून ठेवायचे की जेवणं झाल्यावर, हे त्यांच्याइतकं चांगलं मला सांगता येणार नाही.